तीन लाइनी आणि एक राहिलेली ओळ

मी एक जुना राउटर आहे, मित्रांनो. तुमच्या घरात कपाटावर दोन शिंगं वर करून बसलेला असतो, तो माझा धाकटा भाऊबंद. मला शिंगं नाहीत. माझं अंग चपटं, पत्र्याचं. समोर बारीक दिव्यांची रांग आहे आणि पाठीला चार तोंडं आहेत. तोंडं म्हणजे बाहेरून आलेली इंटरनेटची तार खोचायच्या जागा. घरातल्या राउटरला अशी एकच तार पुरते. मला एकाच वेळी चार तारा लावता येतात. चार ठिकाणांहून जेवढं म्हणून इंटरनेट येईल तेवढं घ्यायचं आणि आत बसलेल्या माणसांना वाटून द्यायचं, हे माझं काम होतं. आज माझ्या एकाही तोंडात तार नाही आणि माझ्या डोक्यावर लसणाची जुडी ठेवलेली आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला एवढंच आठवतं, की एका बाईनं माझे दिवे एकदा पेटवून पाहिले, मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते पुण्यात, एका मोठ्या ऑफिसात. तिथल्या थंडगार खोलीत मी काही वर्षं काढली. कुणी मला नावानं ओळखलं नाही आणि कुणी शिव्याही दिल्या नाहीत. मग त्या ऑफिसानं स्वतःसाठी एक जाडजूड लाइन घेतली. चार बारीक लाइनी एकत्र करणाऱ्याची त्यांना गरज उरली नाही. मला काढून भंगाराच्या खोक्यात टाकलं. त्यात मोडके माऊस होते आणि कुणाचा तरी झाकण हरवलेला जेवणाचा डबा होता.

त्या ऑफिसात वायरिंगच्या कामाला रुपेश नावाचा एक तरुण आला होता. तो जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकचा. त्यानं मला उचलून उलटं-पालटं करून पाहिलं आणि साहेबाला विचारलं, की हा नेऊ का. साहेब म्हणाला, ने, नाहीतर उद्या भंगारवाला नेईलच. रुपेशनं मला टॉवेलात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसला. राजगुरुनगर गेलं, मंचर गेलं, नारायणगाव गेलं, तरी त्यानं मला खाली ठेवलं नाही. भंगारातून मांडीवर, मित्रांनो. मी फुगून गेलो होतो.

रुपेशची मोठी बहीण ज्योत्स्ना. तिचं काम फार वेगळं होतं. पुण्यातल्या एका कॉलेजात ज्यांना ऐकू येत नाही अशी काही मुलं शिकत होती. सर वर्गात जे बोलतील ते ज्योत्स्ना त्याच वेगानं टाइप करायची आणि ती अक्षरं त्या मुलांच्या समोरच्या पडद्यावर उमटायची. मुलं डोळ्यांनी ऐकायची म्हणा ना. तिच्या मनात आलं, सरांचा आवाज इंटरनेटवरून कुठेही जातो, मग टाइप करणारीनं पुण्यातच कशाला बसायला हवं? बोरीत बसून का नको? कॉलेज या गोष्टीला तयार झालं. अट एकच होती. आवाज तुटता कामा नये आणि अक्षरं थांबता कामा नयेत. पुस्तक उद्या वाचलं तरी चालतं, पण वर्गात चाललेलं बोलणं त्याच घडीला वाचावं लागतं.

ज्योत्स्नानं घराच्या माडीवर ऑफिस थाटलं. गावातल्या पाच-सहा मुली आणि सुना तिनं शिकवून तयार केल्या. मुलींनी या घराचा जिना चढावा की नाही, यावर काही घरांतून सुरुवातीला बरीच चर्चा झाली. पहिला पगार झाल्यावर चर्चा थांबली. खाली ज्योत्स्नाची आई द्रौपदाबाई असायची. ती मुलींना चहा द्यायची आणि वर येऊन माझ्यावर धूळ बसू नये म्हणून हातरुमाल पसरायची. मी त्या रुमालाखाली उकडून निघायचो. रुपेश रुमाल काढायचा, ती पुन्हा घालायची. तिची माया होती, म्हणून मी निमूट तापायचो.

अडचण होती ती लाइनीची. सहा वर्ग एकदम चालले, की गावातली एक लाइन पुरायची नाही. मोठ्या कंपनीचा माणूस येऊन स्वतंत्र लाइनीचा दर सांगून गेला. तो ऐकून ज्योत्स्नानं त्याला फक्त चहा पाजला. मग रुपेशनं मला तिच्यापुढे ठेवलं. तीन स्वस्तातल्या लाइनी घेऊ आणि याच्यातून एकत्र करू, असं तो म्हणाला. तिप्पट काम होईल.

"म्हंजी एका घागरीला तीन नळ?" द्रौपदाबाईनं विचारलं.

तसं नव्हतं, मित्रांनो, आणि पुष्कळ शिकलेली माणसंही इथे चुकतात. एक घागर एकाच नळाखाली भरते. मी फक्त कुठली घागर कुठल्या नळाखाली लावायची ते बघतो. सहा मुलींच्या सहा घागरी तीन नळांवर वाटल्या, की रांग लागत नाही. आणि एखादा नळ बंद पडला, तर त्याच्याखालची घागर मी पटकन दुसऱ्या नळाखाली सरकवतो. हेच माझं कसब.

आता लाइनी कुणाकडून घ्यायच्या? बोरीत इंटरनेट देणारे तीन सख्खे भाऊ होते. दादाभाऊ थोरला, मच्छिंद्र मधला, राघू धाकटा. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. तो कळप विकून तिघांनी मिळून आधी टीव्हीची केबल आणि मग इंटरनेट गावात आणलं. पुढे त्यांची वाटणी झाली. घर वाटलं, रान वाटलं, गिऱ्हाइकंही वस्तीवार वाटून घेतली, आणि एकमेकांशी बोलणं बंद केलं. अशा गावात एकाकडून लाइन घेतली, की उरलेले दोघे रस्त्यात तोंड फिरवतात. म्हणून आपल्याकडे दूध एकाकडचं, किराणा दुसऱ्याकडचा आणि दळण तिसऱ्याकडे, अशी सगळ्यांची मनं राखायची रीत असते. ज्योत्स्नानं तेच केलं. तिघांकडून एकेक लाइन घेतली. रुपेशला तर आनंदच झाला. एक गेली तर दोन राहतील, तीन घरची तीन आहेत. माझी तीन तोंडं भरली. चौथं रिकामं राहिलं. त्यात मोबाईलचं सिम लावणारं यंत्र जोडावं असं रुपेश मधूनमधून म्हणायचा, पण आमच्या खोलगट भागात मोबाईलला नेटवर्क धड नव्हतं आणि तीन लाइनी होत्याच की. झुरळ शिरू नये म्हणून द्रौपदाबाईनं त्या तोंडात कागदाचा बोळा कोंबला.

माझे खरे दिवस ते होते. सुरुवातीला थोडी फजिती झाली. मी एकाच माणसाचं काम कधी या तारेतून, कधी त्या तारेतून पाठवायचो, आणि बँकेला वाटायचं कुणी चोरच आला. ज्योत्स्ना पगार पाठवायला बसली, की बँक तिला बाहेर हाकलायची. मग बँकेचं काम कायम एकाच लाइनीतून न्यायचं, असं रुपेशनं मला शिकवलं. तेवढं सोडलं तर तक्रार नव्हती. दसऱ्याला टाइप करणाऱ्या मुलींतली ऋतिका माझ्यावर झेंडूचं फूल ठेवायची. त्या घरात पूजाअर्चा होत नसे, पण ज्योत्स्ना हसून म्हणायची, ठेव, त्यालाही बरं वाटेल. खरंच बरं वाटायचं.

ही ऋतिका मच्छिंद्रची मुलगी. आमच्याकडे तिच्याइतकं झपाट्यानं टाइप करणारं कुणी नव्हतं. तिच्याकडे मोहित नावाच्या मुलाचा वर्ग होता. ती बोरीत आणि तो पुण्यात. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. विद्यार्थ्यांचे फोन नंबर घ्यायचे नाहीत असा कॉलेजचा नियम होता आणि ज्योत्स्ना तो कडक पाळायची. जे काय बोलणं व्हायचं ते वर्गाच्या त्या पडद्यावरच. तास संपला, की मोहित लिहायचा, "थँक्यू ताई." हे दोन शब्द पुण्याहून माझ्यातून रोज यायचे आणि माझा दिवस गोड करून जायचे.

एकदा मोहितनं जास्तीचं लिहिलं. शाळेत असताना तो बोलला, की मुलं हसायची. त्याचं बोलणं थोडं जड होतं, कारण स्वतःचा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. म्हणून त्यानं बोलणंच सोडलं होतं. त्यानं लिहिलं, "ताई, वर्गात कुणी हसलं, की कोण हसलं आणि कशावर, ते लिहीत जा. मला वाटतं सगळे मलाच हसतात." तेव्हापासून ऋतिका तेही लिहायला लागली. सर स्वतःच्याच विनोदावर हसले. मागच्या बाकावर कुणीतरी शिंकलं, म्हणून हसले. खडू मोडला, म्हणून हसले. हळूहळू मोहितला कळलं, की जगात बहुतेक हसणं त्याच्याविषयी नसतं. तिसऱ्या वर्षी तो वर्गात एकदा तोंडानं उत्तर देऊन बसला. त्या दिवशी ऋतिकानं सगळ्यांना पेढे आणले होते. कुणाला कारण विचारायची गरज पडली नाही.

पण मित्रांनो, मला एक गोष्ट खुपत होती. कधीकधी माझ्या तिन्ही लाइनी एकदम अडखळायच्या. एक आज आणि दुसरी उद्या, असं नाही. एकाच क्षणी तिन्ही दिवे तांबडे आणि एकाच क्षणी तिन्ही हिरवे. तीन वेगळ्या घरच्या तीन लाइनींना एकाच वेळी ठेच का लागावी? माझ्यापाशी सांगायला दिव्यांशिवाय काही नाही. मी ते लुकलुकवले. रुपेशला वाटलं, विजेचा दाब कमी-जास्त होतोय. त्यानं इन्व्हर्टर आणून बसवला. विजेचं दुखणं नव्हतंच, त्यामुळे ते बरं झालं नाही. एकदा असाच वर्ग मध्येच तुटला. तेव्हा कॉलेजातल्या मॅडमनी ज्योत्स्नाला फोन केला. ऐकून आपोआप लिहिणारं यंत्र आता स्वस्तात मिळतं, असं वरचे लोक म्हणताहेत, त्या म्हणाल्या. मी तुमच्या बाजूनं भांडतेय, पण आणखी एकदा तुटलं तर मला बोलता येणार नाही.

ज्योत्स्ना त्या दिवशी जेवली नाही. तिच्या एकटीचा प्रश्न नव्हता. माडीवरच्या सगळ्याजणींचं काम त्या तुटण्या-न तुटण्यावर टांगलं होतं. महिन्याच्या शेवटी दादाभाऊ बिल न्यायला आला, तेव्हा तिनं त्याला स्पष्ट विचारलं, की तुमची लाइन आणि तुमच्या भावांची लाइन वेगळी आहे ना.

"येगळी म्हंजे? एकदम येगळी," दादाभाऊ म्हणाला. "वाटणी झालीय आमची."

वाटणी झाली म्हटल्यावर आपल्या मुलखात पुढे काही विचारायचं उरत नाही. ज्योत्स्नाचं समाधान झालं. खरं सांगतो, माझंही झालं.

मोहितचं शेवटचं वर्ष आलं. कॉलेजात नोकरी द्यायला एक कंपनी येणार होती. मुलांना गोल बसवून एक विषय द्यायचा, त्यांनी आपसांत बोलायचं आणि कंपनीच्या लोकांनी बघायचं, की कोण कसं बोलतं. ऐकू न येणाऱ्या मुलाला यापेक्षा अवघड काय असेल? कोण कधी काय बोलेल याचा नेम नाही. मोहितनं कॉलेजला सांगून ठेवलं, की माझ्यासाठी ऋतिकाताईच हव्या.

त्या दिवशी दुपारी ज्योत्स्नानं बाकीचे सगळे कॉम्प्युटर बंद करायला लावले. द्रौपदाबाईला जिन्यावरून चढउतार करायला बंदी होती. सगळ्याजणी भिंतीला टेकून बसल्या. माझ्यावर एकच काम होतं, ऋतिकाचं. ते मी दादाभाऊच्या लाइनीवर घेतलं, कारण ती त्यातल्या त्यात स्थिर होती. बाकीच्या दोन रिकाम्या, तयारीत ठेवल्या. इतका निवांत मी कधीच नव्हतो.

विषय होता, मीटिंगा कमी केल्या तर काम वाढेल का. मुलं बोलायला लागली आणि ऋतिकाची बोटं धावायला लागली. एक बोलला, दुसरी बोलली, तिसऱ्यानं दोघांना अडवलं. मोहित गप्प होता. मग त्यानं तोंड उघडलं. त्याचा तो जड, सावकाश आवाज माझ्यातून ऋतिकाच्या कानात गेला.

"मी चार वर्षं सगळ्यांचं बोलणं वाचतोय," मोहित म्हणाला. "लिहून समोर आलं, की कळतं. त्यातलं निम्मं कुणी बोललं नसतं, तरी चाललं असतं."

सगळे खळखळून हसले. कंपनीच्या बाई तर टेबलावर थाप मारून हसल्या. इकडे माडीवर ऋतिकाचा चेहरा उजळला. तिनं टाइप केलं, "सगळे हसले." ती ओळ माझ्यातून निघाली आणि पुण्याला पोहोचली. लगेच तिनं दुसरी ओळ लिहिली, "तुझ्या विनोदावर. कंपनीच्या मॅडमसुद्धा. बोल पुढे."

ती दुसरी ओळ माझ्याकडे आली, आणि माझे तिन्ही दिवे तांबडे झाले.

मी दादाभाऊची लाइन धरली, ती गेलेली. ओळ उचलून मच्छिंद्रच्या लाइनीवर ठेवली, तीही गेलेली. राघूची, तीही. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी, पुन्हा तिसरी. चौथ्या तोंडात कागदाचा बोळा होता. आमच्यासारख्यांना एखादी ओळ फार वेळ धरून ठेवता येत नाही. थोडा वेळ वाट बघायची आणि सोडून द्यायची, असंच आम्हाला घडवलेलं असतं. मी धरता येईल तितका वेळ ती धरली. मग ती माझ्या हातून गेली.

ऋतिका फोन घेऊन गच्चीवर धावली. टाकीवर चढून तिनं हात उंच केला. नेटवर्कची एक काडी यायची आणि जायची. ती खाली येऊन पुन्हा तीच ओळ टाइप करू लागली. तेच शब्द, त्याच क्रमानं. मी काही करू शकलो नाही. ज्योत्स्ना माझ्यासमोर उभी राहून माझ्या दिव्यांकडे बघत होती.

लाइनी का गेल्या, ते संध्याकाळी कळलं. राघूच्या रानातला ऊस तुटून गेला होता आणि त्यानं दुपारी शिल्लक पाचट पेटवलं होतं. त्याच्या रानाला लागून तिघा भावांचा सामाईक बांध आहे. त्यावरचं वाळलं गवत दर वर्षी पाळीनं एकानं काढायचं असतं. यंदा पाळी कुणाची, हे ठरलंच नव्हतं, कारण तिघं बोलत नव्हते. आग गवतावरून बांधभर पळाली. बांधावरून, हाताला लागेल इतकी खाली लोंबणारी तार आळेफाट्याकडून गावात येत होती. ती वितळली. तोवर दिवस कलला होता. पलीकडच्या उभ्या उसात बिबट्याचा वावर, त्यामुळे तिन्हीसांजेनंतर तिकडे कुणी पाय ठेवत नाही. तारेचं जोडकाम सकाळवर गेलं.

सकाळी रुपेश त्या तारेचा जळका तुकडा घेऊन आला आणि त्यानं तो माझ्या शेजारी ठेवला. वरची काळी साल वितळून मागे सरकली होती. आत बारीक धागे दिसत होते. एक निळा, एक केशरी, एक हिरवा. ज्योत्स्नानं ते एकेक वेगळे करून पाहिले. थोड्या वेळानं तिघे भाऊ जिना चढून वर आले. वाटणीनंतर एका खोलीत तिघे पहिल्यांदाच उभे होते, असं रुपेश नंतर म्हणाला. ते वाईट वाटून आले होते, हे मी सांगितलंच पाहिजे. कुणी खुर्चीवर बसलं नाही.

"आप्पा, तुमाला ठावं व्हतं?" ऋतिकानं वडिलांना विचारलं.

मच्छिंद्र खाली बघत म्हणाला, "ठावं काय, पोरी, आमीच टाकलीय ती तार. मेंढरं इकून. घर वाटलं, रान वाटलं. तार कशी तोडायची? मंग आतले धागे वाटून घेतले."

ज्योत्स्ना दादाभाऊकडे वळली. आपण त्याला समोरासमोर विचारलं होतं, याची तिनं हळू आवाजात आठवण दिली.

"तुमी इचारलं, लाइन येगळी हाय का," दादाभाऊ म्हणाला. "लाइन येगळीच हाय, ताई. माझा धागा माझा, त्याचा त्याचा." तो लबाड नव्हता, मित्रांनो. त्याला ते खरंच तसं वाटत होतं.

"हिरीचं पानी जसं सामाईक, तशी तार बी सामाईक," राघू म्हणाला. "समद्या गावाला ठावं हाय."

तेव्हा दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली द्रौपदाबाई बोलली. "आमचा कुटल्या हिरीत हिस्सा न्हाई, भाऊ. आमाला कसं ठावं असनार?"

तिनं ट्रे टेबलावर ठेवला. तिघांनी चहा उभ्यानंच घेतला आणि कप स्वतः खाली नेऊन ठेवले.

दुपारी तार जोडून झाली. माझे तिन्ही दिवे एकाच क्षणी हिरवे झाले. या वेळी रुपेशनं ते पाहिलं. त्यानं कपाळाला हात लावला आणि तसाच खाली बसला. इतकी वर्षं मी हेच सांगत होतो. त्याला आता समजून उपयोग नव्हता.

मग कॉलेजातल्या मॅडमचा फोन आला. ज्योत्स्नानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मोहितची निवड झाली नव्हती. मॅडम म्हणाल्या, तो एकदा बोलला आणि फार छान बोलला. मग अक्षरं थांबली. त्याच्या पडद्यावर शेवटची एकच ओळ राहिली होती, सगळे हसले. तो तिच्याकडे बघत बसला. नंतर शेवटपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही. मुलांनी खुणा केल्या, कुणी कागदावर लिहूनही दाखवलं, पण तो मान वर करायला तयार नव्हता. गोल मोडल्यावर कुणाला न सांगता तो निघून गेला.

ऋतिकानं फोनजवळ तोंड नेलं. "मॅडम, त्याला एवढं सांगा, की ते त्याच्या विनोदावर हसले होते. माझी दुसरी ओळ जायची राहिली." मॅडम म्हणाल्या, सांगते. त्यांनी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. कामाच्या घाईत राहूनही गेलं असेल. त्या सत्राबरोबर आमचं काम संपलं आणि वर्गांचे ते पडदे बंद झाले. मोहितशी बोलायची ऋतिकाकडे तेवढी एकच वाट होती. काही दिवस ती येऊन उगाच कॉम्प्युटर लावायची, बंद झालेला वर्ग उघडून पाहायची आणि घरी जायची. मग तीही यायची थांबली.

आता कॉलेजात यंत्र ऐकतं आणि लिहितं. ते दमत नाही, पगार मागत नाही. कोण हसलं आणि कशावर, हे मात्र ते लिहीत नाही, असं ज्योत्स्ना एकदा आईला सांगत होती. ज्योत्स्ना पुण्याला परत गेली. तिथे ती कुठल्याशा कंपनीत दुसऱ्यांची पत्रं टाइप करते. ऋतिका नारायणगावात टोमॅटोच्या आडतीवर पावत्या बनवते. झपाट्यानं बनवते, असं ऐकतो. बाकीच्या आपापल्या घरी आहेत. तिघा भावांनी जोडलेली तार थोडी उंच बांधली, त्याच बांधावर. आणि पुन्हा बोलणं बंद केलं.

माडीवर आता बियाणाच्या गोण्या आहेत. रुपेशनं माझ्या तारा काढल्या तेव्हा मला पुसलं आणि खिडकीत ठेवलं. चौथ्या तोंडातला कागदाचा बोळा तेवढा काढायचा राहिला. द्रौपदाबाई कधीतरी वर येते, लसूण उचलते, माझ्यावरून हात फिरवते आणि लसूण परत ठेवते. रुमाल आता घालत नाही. मी तापतच नाही, तर धुळीची काळजी कशाला?

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपलं गाऱ्हाणं सांगतात, तेव्हा शेवटी विनवणी करतात, की आम्हाला जपा. मला जपून आता काही व्हायचं नाही. तुम्ही तुमच्या घरात, ऑफिसात दोन-तीन लाइनी घेतल्या असतील, तर त्या मोजून गप्प बसू नका. प्रत्येक तार कुठून निघाली आणि वाटेत कुणाच्या बांधावरून आली, ते पायी चालत जाऊन बघा. दिवे एकदम तांबडे झाले, तर दिव्यांचं ऐका. हे मी सांगतो, पण माणसं ते तार जळल्यावरच बघतात, हेही मला ठाऊक आहे.

माझं खरं मागणं वेगळं आहे. आयुष्यभर माझ्याकडे आलेलं प्रत्येक अक्षर मी पुढे दिलं. एकच ओळ राहिली. पुण्यात मोहित नावाचा एक मुलगा आहे. त्याला ऐकू येत नाही आणि आता तो बहुधा बोलतही नसेल. तो तुम्हाला कुठे भेटला, तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि त्याच्यासमोर धरा. लिहा, की ते तुझ्या विनोदावर हसले होते. कंपनीच्या मॅडमसुद्धा. आणि खाली लिहा, बोल पुढे.